गोव्यात कुत्रा-मांजर सांभाळताना : नव्याने आलेल्यांसाठी आरोग्याची वाटचाल

नोकरीनिमित्त घाटावरून गोव्यात येणारी बरीच मराठी कुटुंबं सोबत आपला कुत्रा किंवा मांजर घेऊन येतात. काही जण इथे आल्यावर दारात आलेलं पिल्लू ठेवून घेतात. पुण्या-कोल्हापुरात वर्षानुवर्षं ठणठणीत असलेलं जनावर इथल्या पहिल्याच पावसाळ्यात कान खाजवायला लागतं, मलूल पडतं, आणि नेमकं काय झालंय ते घरात कुणालाच कळत नाही. आजार नवे नसतात, हवा नवी असते. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, बारा महिने दमटपणा, आणि गोचिडींना मरू न देणारी ऊब.

आम्ही फोंड्यात राहतो. घरात एक कुत्री आणि दोन मांजरं आहेत. इथल्या डॉक्टरांकडून, शेजाऱ्यांकडून आणि रोजच्या सांभाळण्यातून जे कळलं ते क्रमाने मांडते आहे. यात औषधांची नावं येतील, पण डोस सांगणार नाही. डोस वजनावर आणि तपासणीवर ठरतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. सामान लावण्याआधी डॉक्टर शोधा

जनावर आजारी पडल्यावर डॉक्टर शोधायला निघालात तर रात्र तिथेच जाते. पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी पक्क्या करा : घराजवळचा रोजचा डॉक्टर, रक्ततपासणी आणि एक्स-रेची सोय असलेला एक दवाखाना, आणि रात्री फोन उचलणारी एखादी जागा. तिन्ही एकाच ठिकाणी मिळतील असं नाही.

राज्याच्या पशुसंवर्धन व पशुवैद्यकीय सेवा खात्याचे दवाखाने तालुक्या-तालुक्यांत आहेत. पणजीजवळ टोंक इथे आणि मडगावजवळ सोनसडो इथे मोठी सरकारी पशुवैद्यकीय इस्पितळं आहेत. लसीकरण आणि साध्या उपचारांसाठी ती चांगली आहेत. वेळा मात्र आधी विचारून ठेवा. चवथीच्या आणि नाताळच्या दिवसांत खाजगी दवाखानेही बंद असतात, म्हणून सणाच्या आधीच चौकशी करावी.

एका फाइलमध्ये हे कागद ठेवा :

- लसीकरणाचं कार्ड. त्यावर लशीच्या बाटलीचा स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा
- जंतांचं औषध शेवटचं कधी दिलं त्याची नोंद
- नसबंदी झाली असेल तर त्याचं प्रमाणपत्र
- जुने रक्ताचे रिपोर्ट, विशेषतः प्लेटलेट आणि हिमोग्लोबिन
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर त्याची चिठ्ठी
- वजनाची नोंद, दर दोन-तीन महिन्यांची

कुत्र्याची नोंदणी तुमच्या पंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असते. रेबीजच्या लशीचा कागद तिथे लागतो, तो सोबत न्या.

२. लसी : तारखा डोक्यात नको, भिंतीवर हव्यात

पिल्लाला पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात, मग तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत. यात पार्व्हो, डिस्टेंपर, कावीळ या विषाणूंच्या रोगांपासून संरक्षण येतं. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात, वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. आपल्याकडे ती दरवर्षीच देतात. मांजरालाही स्वतःच्या लसी असतात, आणि रेबीजची तर हवीच. 'घरातलंच आहे, बाहेर जात नाही' हे कारण चालत नाही, कारण खिडकीतून वटवाघूळ आत येतं, उंदीर येतो, एखादं भटकं मांजर येतं.

गोव्यात रेबीजवर मोठं काम झालं आहे. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गावोगाव भटक्या कुत्र्यांना लस टोचली, शाळांतून मुलांना शिकवलं, आणि २०२१ साली राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. हे टिकवणं आपल्या हातात आहे. आपल्या घरचा एक कुत्रा लशीविना राहिला तर त्या कामाला तेवढं भोक पडतं.

लेप्टोस्पायरोसिसची लस घ्यायची की नाही असं डॉक्टरांनी विचारलं तर गोव्यात घ्या. उंदराच्या मुतातून हा रोग पसरतो आणि पावसात साचलेल्या डबक्यात त्याचे जंतू तग धरतात. तो माणसालाही होतो. या लशीचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं, म्हणून ती मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर घेतलेली बरी.

सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, समुद्रावर किंवा दुसऱ्यांच्या कुत्र्यांत सोडू नका. पार्व्होचे विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने राहतात. रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब, उलट्या आणि एकदम गळून गेलेलं पिल्लू दिसलं तर घरी ताक-भात भरवत बसू नका, त्याच तासाला निघा.

३. रोज पाच मिनिटं हात फिरवा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. जनावराला दुखलं तरी ते सांगत नाही, उलट लपवतं. मांजर तर इतकं लपवतं की ते कोपऱ्यात बसलंय हेच पहिलं लक्षण असतं. त्यामुळे त्याचं नेहमीचं कसं आहे हे तुमच्या हाताला आणि डोळ्याला माहीत असायला हवं.

संध्याकाळी दिवा लावण्याच्या वेळेला, किंवा तुम्हाला जमेल त्या ठरलेल्या वेळेला :

- ओठ वर करून हिरड्यांचा रंग बघा. गुलाबी हव्यात. बोटाने दाबल्यावर पांढऱ्या झालेल्या जागी दोन सेकंदांत रंग परत यायला हवा.
- कानाचा वास घ्या. निरोगी कानाला वास नसतो.
- कानांच्या आतल्या घड्या, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि पायांच्या बोटांमध्ये चाचपा. गोचिडी नेमक्या इथेच बसतात.
- झोपेत असताना छाती मिनिटात किती वेळा हलते ते मोजा. शांत झोपलेल्या कुत्र्याची किंवा मांजराची मोजणी रोजच तिसाच्या वर जात असेल तर डॉक्टरांना सांगा.
- लघवीचा रंग, शौच, आणि भांड्यातलं पाणी किती कमी झालं यांवर नजर ठेवा.

घरात एक डिजिटल थर्मामीटर जनावरासाठी वेगळा ठेवा. थोडं व्हॅसलिन लावून गुदद्वारातून मोजायचं. कुत्रा आणि मांजर यांचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. माणसाला जो ताप वाटेल तो त्यांचा रोजचा आकडा आहे, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नाक गरम की थंड यावरून ताप कळत नाही.

४. गोचीड आणि गोचीडताप : इथला खरा शत्रू

गोव्यात कुत्रा पाळायचा तर या विषयावर वेळ द्यावाच लागतो. इथे कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड माणसाच्या घरातच आपलं सगळं आयुष्य काढू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून खाली उतरते आणि भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते. चिऱ्याची, गिलावा नसलेली भिंत, कौलांखालचे वासे, बाल्कांवाची (घरापुढच्या बसायच्या ओसरीची) जुनी फरशी ही तिची आवडती ठिकाणं. म्हणून फक्त कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घरही साफ करावं लागतं.

तिच्या चावण्यातून मुख्यतः दोन रोग येतात. एक अर्लिकिया, हा जिवाणू पांढऱ्या पेशींत शिरतो आणि प्लेटलेट घसरतात. दुसरा बॅबेसिया, हा परजीवी लाल पेशी फोडतो. लक्षणं एकमेकांत मिसळलेली असतात : ताप, खाणं सोडणं, चालायला कंटाळा, फिकट हिरड्या, अंगावर किंवा पोटावर लालसर ठिपके, नाकातून रक्त. बॅबेसियात लघवी गडद, कोकमाच्या आगळासारखी दिसते.

अर्लिकियाची फसवी बाजू अशी की पहिले काही दिवस ताप येऊन जातो, कुत्रा बरा दिसतो, आणि रोग आत महिनोन्‌महिने राहतो. मग एक दिवस नाकातून रक्त येतं. 'दोन दिवस मलूल होता, आता खातोय' असं झालं तरी रक्त तपासून घ्या. प्लेटलेट कमी आल्या, तर सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर जंतू दिसला नाही म्हणून रोग नाही असं समजू नये. काचपट्टीवर तो बऱ्याचदा सापडतच नाही. डॉक्टर किट टेस्ट किंवा पीसीआर सुचवतील.

उपचारात अर्लिकियासाठी बहुधा डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण चार आठवडे, जेवणासोबत. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवत दाराशी येतो आणि गोळ्या तिथेच थांबतात. गोव्यातल्या कोणत्याही डॉक्टरला विचारा, उलटून आलेल्या आजारांमागे हेच कारण तुम्हाला पहिलं ऐकायला मिळेल. कोर्स पुरा करा आणि संपल्यावर रक्त पुन्हा तपासा. बॅबेसियाला वेगळी औषधं लागतात. शेजारच्या कुत्र्याची उरलेली गोळी म्हणूनच उपयोगाची नाही.

प्रतिबंध असा :

१. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी, किंवा मानेवर सोडायचं औषध, यातलं एक डॉक्टरांना विचारून ठरवा. नेक्सगार्ड आणि सिंपारिका महिनाभर चालतात, ब्राव्हेक्टो साधारण बारा आठवडे. कुत्र्याला फीट येत असेल तर हे आधी सांगा, या गटातली औषधं त्याला सोसतीलच असं नाही.
२. औषध बारा महिने द्या. 'उन्हाळ्यात गोचिडी नसतात' हे घाटावरचं गणित इथे लागू नाही.
३. अंथरूण आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. भिंतींच्या फटी सिमेंटने भरून घ्या.
४. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीला अगदी टेकून पकडा आणि सरळ, हळू ओढा. मग स्पिरिटच्या बाटलीत टाका. बोटांनी चिरडू नका.

रॉकेल, पेट्रोल, काडेपेटीचा चटका हे कुणी सुचवलं तरी नको. गुरांवर फवारायचं औषध पाण्यात कालवून कुत्र्याला आंघोळ घालण्याची पद्धतही गावात आहे. त्याने विषबाधा होऊन कुत्रे दगावतात.

सत्तरीच्या बाजूला राहत असाल आणि कुत्रा रानात जात असेल तर परतल्यावर त्याच्यासोबत स्वतःचंही अंग तपासा. जंगलातल्या गोचिडीपासून माणसाला होणारा माकडताप त्या तालुक्यात आढळलेला आहे.

५. पावसाळा : कान, कातडी, जखम आणि भेक

जूनपासून अंग वाळत नाही. लॅब्राडोर, कॉकर, बीगल अशा लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत कानाच्या आत बुरशी वाढते : तपकिरी मळ, आंबूस वास, सतत डोकं झटकणं. पडदा शाबूत आहे का हे डॉक्टरांनी बघितल्याशिवाय कानात कोणतंही औषध घालू नका, कोमट तेल तर नाहीच. पावसात भिजून आल्यावर कान, काख आणि पायांची बोटं कोरड्या पंचाने टिपा, जमलं तर पंख्यासमोर बसवा. आंघोळ दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. माणसाचा शाम्पू वापरू नये, कुत्र्याची कातडी वेगळी असते.

गोल टक्कल पडून कडा खवल्यांच्या दिसल्या तर तो गजकर्ण असू शकतो, आणि तो मुलांना होतो. कानाच्या कडा, कोपरं खाजवून लाल झाली तर खरूज असू शकते. जळकं इंजिन ऑइल चोपडायचा सल्ला हमखास मिळेल. ते कातडीतून आणि चाटण्यातून पोटात जातं. ते करू नका. आज खरजेवर खात्रीची औषधं आहेत, आणि गोचिडीसाठी दिलेल्या काही गोळ्या खरजेलाही लागू पडतात.

जखमेकडे पावसात रोज बघा. छोट्याशा ओरखड्यावर माशी बसते, अंडी घालते आणि दिवसभरात आत अळ्या वळवळू लागतात. कुजका वास, ओल, जनावराचं सतत चाटणं ही खूण. टर्पेंटाइन ओतून जिवंत मांस भाजून निघतं. सलाइनने धुवा, स्वच्छ कपडा ठेवा आणि दवाखान्यात न्या. अळ्या काढून टाकणं आणि पुढची मलमपट्टी हे त्यांचं काम आहे.

अंगणात भेक, म्हणजे खरखरीत कातडीचे बेडूक, येतात. कुत्र्याने भेक तोंडात धरला की फेस आणि लाळ गळायला लागते. डोकं खाली झुकवून, पाण्याची धार बाजूने बाहेरच्या दिशेने सोडून तोंड धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका. लाळेपलीकडे थरथर, लडबडणं दिसलं तर डॉक्टरकडे.

साप चावला असं वाटलं तर आवळपट्टी नको, चिरा नको, बर्फ नको. जनावराला चालवू नका, उचलून न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर प्रतिविष मिळतं, पण प्रत्येक दवाखान्यात ते ठेवलेलं नसतं. निघतानाच फोन करून विचारा.

६. ताटात काय, काय नाही

शीत-कडी उरली की कुत्र्याच्या भांड्यात जाते. त्यातलं तिखट, मीठ, कांदा-लसूण त्याच्यासाठी नाही. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या लाल पेशी फोडतात. मासे द्यायचे तर शिजवून, काटे पूर्ण काढून. तारल्या आणि बांगडे उकडून, बोटाने कुस्करून बघितल्यावरच द्या. रोज फक्त मासे-भात हे मांजरालाही पुरं नाही, तयार खाण्याचा काही भाग ठेवा. शिजवलेल्या कोंबडीचं हाड कधीच नाही, ते फुटून टोकदार होतं.

आंब्याचा बाठा आतड्यात अडकतो आणि ऑपरेशन करावं लागतं. मार्च ते मेमध्ये काजूच्या बागेजवळ असाल तर पडलेली बोंडं आंबतात, ती खाऊन कुत्रा झोकांड्या देतो. कच्च्या काजूबीच्या टरफलातलं तेल तोंड भाजतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंगम हे सगळं विष समजा.

७. घरातलं विष

पावसाआधी सगळेच उंदरांचं औषध टाकतात. त्यातल्या ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने रक्त गोठणं थांबतं, आणि लक्षण दोन ते पाच दिवसांनी दिसतं. तोवर कुत्रा अगदी ठीक वाटतो. खाल्लंय अशी शंका आली तरी पाकीट सोबत घेऊन लगेच जा. वेळेत व्हिटॅमिन के-१ सुरू केलं तर तो वाचतो. घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका.

आपल्या घरातल्या गोळ्यांबद्दल एक ठाम नियम करा : पॅरासिटामॉल मांजराला एकसुद्धा नाही, जीव जातो. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्यालाही नाही.

८. मांजरासाठी वेगळं

मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. कुत्र्याच्या मानेवर सोडायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, त्याने मांजराला झटके येतात. पाकिटावर मांजराचं चित्र नसेल तर लावू नका. कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याला चिकटून झोपू देऊ नका.

बोका वाळूच्या डब्यात वारंवार बसतोय, ओरडतोय, आणि थेंबही येत नाही, हे सकाळपर्यंत थांबवायचं काम नाही. लघवी अडकली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. दोन दिवस काहीच न खाल्लेलं मांजरही, विशेषतः जाड असेल तर, डॉक्टरकडे न्यायलाच हवं. फुलदाणीत लिली ठेवू नका, तिचे परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात.

नसबंदी करून घ्या, मादीची तर नक्की. न केलेल्या कुत्रीला मोठ्या वयात गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. माज संपल्यावर काही आठवड्यांत जास्त पाणी पिणं, मलूलपणा, मागून स्राव दिसला तर उशीर करू नका.

९. ऊन, समुद्र, फटाके

सकाळी साडेआठनंतर आणि संध्याकाळी साडेपाचच्या आधी फिरायला नेऊ नका. पग, बुलडॉग, पर्शियन मांजर यांना गोव्याचा एप्रिल सोसत नाही. जीभ लांब, लाळ घट्ट, चालताना अडखळणं दिसलं तर साध्या पाण्याने भिजवा, पंखा लावा आणि दवाखान्यात न्या. समुद्रावर जाताना पिण्याचं पाणी सोबत ठेवा, खारं पाणी प्यायलं की जुलाब लागतात. रापणीतून (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून) वाळूवर टाकलेल्या माशांजवळ कुत्र्याला दोरीवर ठेवा, त्यात पोट फुगवणारे विषारी मासे असतात, आणि गळाचे आकडेही. परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करा.

चवथीचे फटाके आणि दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुरांच्या पुतळ्यांपुढे वाजणारे स्पीकर यांना घाबरणाऱ्या जनावरासाठी डॉक्टरांकडे आठवडाभर आधी जा. आतल्या खोलीत पडदे ओढून जागा करा, टीव्ही चालू ठेवा, गळ्यात नाव-फोनचा बिल्ला असू द्या. त्या रात्री दारं उघडी राहतात आणि बरीच जनावरं हरवतात.

१०. फोनवर काय सांगायचं, आणि चावा बसला तर

घरच्या पेटीत ठेवा : थर्मामीटर, गोचिडीचा चिमटा, सलाइन, पोव्हिडोन आयोडीन, गॉज आणि चिकटपट्टी, सुईविना सिरिंज, गळ्यात घालायचं प्लास्टिकचं शंकूसारखं कॉलर, जुना टॉवेल, मांजरासाठी बंद पिंजरा.

डॉक्टरांना फोन लावल्यावर क्रमाने सांगा : जात, वय, वजन. काय दिसतंय आणि किती वाजल्यापासून. तापमान. हिरड्यांचा रंग. शेवटचं कधी खाल्लं, कधी लघवी केली. कोणती औषधं चालू आहेत. पांढऱ्या किंवा निळसर हिरड्या, तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर, फुगलेलं कडक पोट आणि कोरड्या ओकाऱ्या, थांबत नसलेली फीट, यांपैकी काही असेल तर फोन चालू ठेवूनच गाडीत बसा.

आणि तुम्हाला किंवा मुलाला कुत्रा-मांजर चावलं वा ओरबाडलं, तर आपलंच असलं तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा. जनावराच्या लशीचं कार्ड सोबत न्या. रेबीजच्या इंजेक्शनांचे दिवस ठरलेले असतात. पहिल्या दिवशी घेतलं की पुढच्या तारखा केसपेपरवर लिहून घ्या, आणि एकही चुकवू नका.